रोज सातला फुटणारा झरा

माईंच्या घरात मळकी वस्तू टिकली, असं कुणी छातीठोकपणे सांगून दाखवावं! त्यांनी घासलेल्या कढईत बघून यजमान दाढी करायचे, अशी खुद्द माईंचीच साक्ष होती.

सून कॉम्प्युटरवाली. भरतीला समुद्राचं खारं पाणी जहाजांच्या कालव्यात किती आत शिरतं, हे ती खुर्चीत बसून सांगायची. तिचं गणित पडताळायला घरामागच्या पायरीवरून एक नळी दोरीनं कालव्यात सोडली होती. नळी खारटपणा मोजायची आणि आकडा थेट कॉम्प्युटरवर धाडायची.

"माई, नळीकडे जरा लक्ष असू द्या हं," सून म्हणाली होती.

लक्ष! माईंना तेवढं पुरे होतं.

महिन्याभरात सून वाळून काडी झाली. "माझ्या गणिताची निळी रेघ आणि नळीची लाल रेघ दिवसभर हातात हात घालून चालतात हो! पण सकाळी सात वाजले की लाल रेघ धाडकन खाली! पाव तास गोडं पाणी, की पुन्हा खारं!"

"कुठून येतं गं मेलं?"

"जमिनीत झरा असणार! शुक्रवारी मोठे साहेब येताहेत. रेघा जुळल्या नाहीत तर माझं दोन वर्षांचं काम केरात!"

तिनं गणितात झरा घातला. रेघा जुळल्या. रविवारी पुन्हा बोंब! "माई, आज झरा नऊला फुटला!"

"एक दिवस झोपू दे की त्यालाही," माई म्हणाल्या. रविवारी त्या स्वतःही उशिराच उठत.

शुक्रवारी साहेब पावणेसातलाच मागच्या दारात हजर. सून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. "सातला बघा हं, साहेब!"

सात वाजले. माई नळाच्या पाण्याची बादली घेऊन आल्या. "सरका जरा!" दोरी ओढून त्यांनी नळी वर काढली, बादलीत बुचकळली आणि खसाखसा ब्रश चालवला.

लाल रेघ धाडकन खाली!

"माई!!!"

"किंचाळतेस काय? पाहुण्यांना शेवाळलेली नळी दाखवू? महिनाभर रोज घासतेय, एका शब्दानं कौतुक केलंस?"

सून डोकं धरून बसली. साहेबांनी नळी हातात घेऊन न्याहाळली. "इतर नळ्यांवर पंधरा दिवसांत शेवाळ चढतं, आकडे बिघडतात. ही आरशासारखी आहे! तो पाव तास वगळा आणि झरा काढून टाका. रेघा जुळतातच. काम मंजूर!"

माईंची मान ताठ झाली.

"फक्त आजींनी आता नळीला हात लावायचा नाही."

माईंनी तोंडभरून कबूल केलं.

रविवारी नऊ वाजता लाल रेघ धाडकन खाली! सून धावत मागच्या दारी गेली. नळी बादलीत पडलेली, माई पायरीवर फतकल मारून बसलेल्या.

"नळीला बोट लावलं असेल तर शपथ!" माई वर न बघता म्हणाल्या. "दोरी तेवढी धुतेय."