पहाऱ्याचा पुरावा

दिघीहून मुंबईला कोळसा नेणाऱ्या एका बार्जवर करमअली सव्वीस वर्षं रात्रीचा पहारा करत होते. काम एकच. पुढच्या टोकाला उभं राहून अंधारात बघायचं आणि काही दिसलं की मागे केबिनमध्ये कळवायचं. मध्ये कोळशाचा डोंगर असल्यामुळे कप्तानाला पुढचं दिसत नसे. करमअलींना दिसेल तेवढंच बार्जला दिसे.

यंदा कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या लक्षात आलं, की सव्वीस वर्षांच्या या बघण्याचा एकही पुरावा उपलब्ध नाही.

"तुम्ही बघता याबद्दल शंका नाही, करमअलीभाई," विभागाच्या नूतन मॅडम म्हणाल्या. "पण रेकॉर्ड नाही."

त्यांनी करमअलींच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. पहाऱ्यावर दर दहा मिनिटांनी स्वतःचा फोटो पाठवायचा.

पहिल्या रात्री चार तासांच्या पहाऱ्यातले चोवीसच्या चोवीस फोटो नामंजूर झाले. करमअली मोबाइल पाठीमागे धरून समुद्राकडे तोंड करून उभे होते, त्यामुळे फोटोत नुसतं टक्कल आलं होतं. डोळे उघडे दिसणं सक्तीचं होतं आणि मागे समुद्र. म्हणजे समुद्राकडे पाठ करणं आलं. मग चेहरा अंधुक येतो म्हणून फ्लॅशही सक्तीचा झाला.

"मॅडम, फ्लॅश पडला की डोळ्यांपुढे सगळं पांढरं होतं. ते निवळेपर्यंत पुढच्या फोटोची वेळ होते. दिसत काहीच नाही."

मॅडमनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. "दिसण्याचा रकाना नाहीये यात," त्या म्हणाल्या.

करमअलींनी लेखी अर्ज केला: आपण फोटो काढत असताना समुद्र बघायला आणखी एक माणूस मिळावा. अर्ज तातडीने मंजूर झाला. दुसऱ्या माणसालाही ॲप देण्यात आलं.

एका पहाटे सव्वातीनच्या सुमारास, थळ गावासमोर, बार्ज दिनानाथ नाखव्यांच्या होडीवर चढली. करमअलींना आधी फळ्या मोडल्याचा आवाज आला, मग माणसाची हाक. त्यांनी मोबाइल टाकला, दोर फेकला, स्वतः शिडीवरून कमरेपर्यंत पाण्यात उतरले आणि दिनानाथला व त्याच्या भावाला, विनेशला, ओढून वर घेतलं. होडी गेली. साडेतीनचा फोटो त्यांनी ओल्या कपड्यांत पाठवला. डोळे चांगलेच उघडे होते. तो लगेच मंजूर झाला.

चौकशीत पहाऱ्याचं रेकॉर्ड उत्कृष्ट ठरलं. होडीवाल्यांकडे मात्र आपण बार्ज पाहिल्याचा कुठलाच पुरावा नव्हता. फक्त तीन वाजून वीस मिनिटांचा फोटो आढळून न आल्यामुळे करमअलींना कारणे दाखवा नोटीस मिळाली. तीन-दहाचा फोटो 'सजग पहारेकरी' म्हणून कंपनीच्या फेसबुक पानावर झळकला. त्याला नऊशे लोकांनी अंगठा दिला.

चार दिवस करमअलींना जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी ते थळला गेले. दिनानाथ अंगणात दुसऱ्याचं जाळं विणत बसला होता.

"नाखवा, माफी मागायला आलोय," ते म्हणाले आणि तो फोटो पुढे धरला. "माझ्या कानामागे बत्ती दिसतेय बघा. कोणाची असेल?"

दिनानाथने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"माझीच हाय," तो म्हणाला. "हा फोटू मी परवाच बघितला. तुमचा चेहरा वलखला, म्हनून मी पन अंगठा दिला."