मध्ययुग सोमवारी संपले

मध्ययुग नेमके कोणत्या दिवशी संपले याची विद्यापीठाकडे नोंद नाही, असा आक्षेप वार्षिक तपासणीत निघाला. मी तिथे मध्ययुगीन आणि आरंभीच्या आधुनिक इतिहासाचा एकमेव प्राध्यापक. एका पगारात दोन युगे सांभाळतो याचा मला अभिमान होता. तपासनिसांना त्यात काळेबेरे दिसले. पहिल्या युगातून कार्यमुक्त होऊन मी दुसऱ्यात रीतसर रुजू झाल्याचा पुरावा नव्हता.

कुलसचिवांनी बोलावून घेतले.

"सर, मध्ययुग संपलं कधी? तारीख सांगा, म्हणजे विषय मिटला."

"तशी तारीख नसते हो. युग काही एका दिवशी संपत नाही."

हे माझ्या पहिल्या पुस्तकातले पहिले वाक्य. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली आणि पुढची सगळी वर्षे मी तेच फिरवून फिरवून शिकवत आलो.

"पण संपलं की नाही?"

"संपत आलं होतं. शे-दीडशे वर्षं."

"म्हणजे प्रकरण प्रलंबित," त्यांनी लिहून घेतले. "प्रलंबित युगाला पद देता येत नाही. महिनाअखेर तारीख आली नाही, तर तुमचं पद रद्द."

घरी बायकोला सांगितले.

"अहो, मग सांगून टाका की एखादी! लग्नाची तारीख दरवर्षी विसरता, तेव्हा नाही ती तत्त्वं आड येत. आणि पद गेलं तर दिवसभर घरी बसून कुणाला शिकवणार? मला?"

ही शक्यता आम्हां दोघांनाही झेपणारी नव्हती. मी घाबरलो, आणि घाबरलेला इतिहासकार फार वेगाने संशोधन करतो. एरवी मला एका तळटीपेला वर्ष लागते. या खेपेस आठवड्यात एका लहानशा राजाचा तह सापडला आणि मी तिथे मध्ययुग संपवले.

कुलसचिवांनी नियम दाखवला. कोणत्याही युगाची किमान दोन शतके भरली पाहिजेत. माझे दुसरे युग पन्नास वर्षांनी कमी पडत होते. ती पन्नास वर्षे शेजारच्या खोलीत होती. तिथे आधुनिक इतिहासाचे प्राध्यापक बसतात. सभेत ते बंडाची भाषा करतात आणि हजेरीपटावर पहिली सही त्यांचीच असते, म्हणून मुले त्यांना 'क्रांती' म्हणतात.

"पन्नास वर्षं द्या," मी म्हणालो.

"दिली असती हो, पण त्यात माझी दोन बंडं आहेत आणि एक दुष्काळ. अख्खा पेपर त्यावर चालतो."

"बंडं तुम्हीच शिकवा. वर्षं तेवढी द्या."

"तुमची खिडकीवाली खोली?"

दिली. आता मी जिन्याखाली बसतो.

कुलसचिवांनी शेवटची हरकत काढली. "सर, हा तह रविवारी झालाय. सुट्टीच्या दिवशीचा व्यवहार विद्यापीठ धरत नाही."

"मग?"

"सोमवार करून टाका. त्या राजाला विचारायला कोण जातंय?"

अशा रीतीने मध्ययुग सोमवारी, कार्यालयीन वेळेत संपले. परिपत्रक निघाले, परिपत्रकावरून पाठ्यपुस्तक निघाले, आणि परीक्षेत दोन गुणांना प्रश्न आला.

यंदा तोंडी परीक्षेत मी एका मुलीला तो विचारला.

"सर, पण युग असं एका दिवशी संपतं का?"

"हे कुठे वाचलंस?"

"तुमच्याच पुस्तकात."

"ती जुनी आवृत्ती," मी म्हणालो आणि तिला नापास केले. ती गेल्यावर मला मनापासून लाज वाटली. मग पेन्शन आठवली आणि जरा बरे वाटले.

तुम्ही मला हसत असाल. हसा. पण शाळेत पाठ केलेली एखादी सनावळी आठवून बघा, अजून तोंडपाठ असेल. ती कोणी आणि कशापायी ठरवली, हे मास्तरांना कधी विचारलेत? त्या मुलीने विचारले, म्हणून ती नापास झाली. तुम्ही पहिल्या वर्गात पास झालात.