एक्केचाळिसावे नाव

आमच्या कॅम्पात पहाटे बस सुटण्यापूर्वी हजेरी होते. मी नावे वाचतो आणि माणसे ‘हजर’ म्हणतात. रजेवर गावी गेलेल्या माणसाचे नाव चुकून वाचले गेले, तर इतर कुठल्याही कॅम्पात क्षणभर शांतता पसरेल. आमच्याकडे तसे होत नाही. रांगेच्या शेवटून एक खणखणीत आवाज येतो, "रजेवर आहे. शिल्लक धरा."

हा आवाज कासमकाकांचा.

कासम मुकादम हे रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. सौदीत हुफूफ शहराच्या बाहेर, खजुराच्या बागा संपून वाळू सुरू होते तेथे, आमच्या बांधकाम कंपनीचा कॅम्प आहे, आणि काका गेली सव्वीस वर्षे त्या कंपनीचे स्टोअरकीपर आहेत. मी तेथला टाइमकीपर. पूर्वी गावी शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असे, म्हणून कॅम्पात मला सगळे मास्तर म्हणतात. काकाही म्हणतात, फक्त त्यांच्या तोंडी तो शब्द पदवीसारखा नसून पावती फाडल्यासारखा येतो.

स्टोअरमध्ये प्रत्येक मालाच्या कप्प्यावर एक कार्ड लटकवलेले असते. त्याला बिन कार्ड म्हणतात. किती आले, किती गेले, किती शिल्लक, एवढ्या तीनच गोष्टी त्यावर लिहायच्या. काकांची दृढ समजूत अशी, की या तीन रकान्यांत न मावणारी गोष्ट जगात नाही. माणसांचे वर्णनही ते स्टोअरच्या भाषेतच करतात. फार बोलणारा माणूस म्हणजे ‘रिकामा सिलिंडर’. नवीन आलेल्या इंजिनिअरबद्दल मी त्यांचे मत विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सीलबंद आहे. अजून उघडून पाहिला नाही." स्वतःविषयी त्यांचा शेरा असा, की माल जुना आहे, पण आता याचे स्पेअर मिळत नाहीत.

हीच पद्धत त्यांनी आमच्या ब्लॉकमधल्या खाटांना लावली. प्रत्येक खाटेच्या पायाला एक बिन कार्ड. माणूस रजेवर गेला, की त्याच्या खाटेवरची चादर दर पंधरा दिवसांनी काका स्वतः बदलीत, उशी उन्हात घालीत आणि कार्डावर तारीख टाकून कॅम्प बॉसची सही घेत. कॅम्प बॉस म्हणजे केरळचे कुरियन. ते दिवसाला चाळीस कागदांवर सह्या करीत आणि त्यांतला एकही वाचीत नसत. या सवयीचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

आता निवडणुकीकडे वळतो.

आजवर आमच्या कॅम्पाचा कारभार दम्मामच्या मुख्य कार्यालयातून चाले. मंगळवारी डाळ कोणती शिजवायची, हेसुद्धा तेथे ठरे. मग अचानक एक परिपत्रक आले. काही विषयांवरचे अधिकार कार्यालयाने खाली सोडले होते आणि त्यासाठी निवडून आलेली एक कॅम्प सभा नेमण्यास सांगितले होते. मेसचे जेवण, शुक्रवारची बस, एसीच्या वेळा आणि खाटांची वाटणी हे विषय सभेकडे आले. पगार, रजा आणि इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, वर राहिले. केंद्राचे विषय आणि राज्याचे विषय मी वर्गात कित्येक वर्षे फळ्यावर लिहिले होते. मुलांना ते कधी समजले नाहीत. येथे मात्र डाळ आपल्या हाती आली आणि इकामा आला नाही, एवढ्यावरून सगळ्या ब्लॉकला विषय एका दिवसात समजला.

दर ब्लॉकचा एक प्रतिनिधी निवडायचा होता. इतर ब्लॉकमध्ये लोकांनी चहा पिता पिता एकेक नाव ठरवून टाकले. आमच्या ब्लॉकमध्ये तसे होणे शक्य नव्हते, कारण आमच्याकडे काका होते. त्यांनी आठ दिवसांत निवडणुकीचे बावन्न नियम लिहून काढले, मला मतदान अधिकारी नेमले आणि स्वतः उभे राहिले.

नियम करणाराच उमेदवार, हे मला शास्त्राला धरून वाटेना. मी तसे त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला, साताऱ्याकडच्या तानाजी क्रेनवाल्याला, सांगितले. तानाजीने ते हसण्यावारी नेले. काकांनी नियम केलेत म्हणजे ते काकांच्याच अंगावर येणार, असे त्याचे म्हणणे होते.

ते खरे ठरले. तानाजीला चिन्ह म्हणून क्रेन हवी होती. काकांनी ती नाकारली, कारण क्रेन कंपनीची मालमत्ता आहे. त्याऐवजी त्यांनी आपण होऊन त्याला मासा दिला आणि स्वतः कुलूप घेतले. आता तानाजीच्या जाहीरनाम्यात कलम एकच होते: दर गुरुवारी कतीफच्या बाजारातून ताजी सुरमई आणायची आणि तळून वाढायची. काकांच्या जाहीरनाम्यात सतरा कलमे होती. त्यांतले पहिले, सकाळी पराठ्याऐवजी तांदळाची पेज, आणि दुसरे, मेसमधले तेल निम्म्यावर आणणे. कॅम्पातली निम्मी दुखणी तेलातून येतात, हा त्यांचा जुना सिद्धान्त. कुलपाला मत द्याल तर जेवणाला कुलूप लागेल, असे पोरे उघड म्हणू लागली. तानाजीचे अक्षर कोणाला लागत नव्हते, म्हणून त्याचा जाहीरनामा काकांनीच सुवाच्य अक्षरात उतरवून काढला आणि आपल्या जाहीरनाम्याबरोबर खोलीखोलीत वाटला. सुरमईच्या बाजूला त्यांनी लिंबाची फोडही काढली होती.

एवढ्यावर हे प्रकरण गमतीचे राहिले असते. पण मतदारयादी करताना खरी लढाई सुरू झाली. ब्लॉकमध्ये हजर माणसे चाळीस होती. काकांच्या यादीत एक्केचाळीस नावे होती.

एक्केचाळिसावे नाव सत्तारचे. सत्तार वेल्डर, वय तिशीचे, काकांच्याच तालुक्यातला. नऊ वर्षे त्याची खाट काकांच्या खाटेला लागून होती. दोन महिन्यांच्या रजेवर गावी गेला आणि तेथे त्याला कावीळ झाली. कावीळ उतरली, पण माणूस उभा राहीना. अंगात ताकद नाही, जेवण जात नाही, कोणाशी बोलणे नाही. काका रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर त्याला फोन लावीत आणि मेसमध्ये काय शिजले ते सविस्तर सांगत. पलीकडून ‘बरं’ एवढेच येई. परतीच्या व्हिसाची मुदत संपत आली होती आणि कंपनीने ती वाढवून घेतली नाही, तर सत्तारची नोकरी संपणार होती. कार्यालयाने कळवले होते, की अंतिम मतदारयादीतली माणसे हीच कॅम्पाची खरी माणसे मानली जातील. यादीत नाव नाही, त्याची खाट रिकामी. आणि रिकाम्या खाटेसाठी कोणी व्हिसा वाढवीत नाही.

कुरियनना नव्या माणसासाठी खाट हवी होती. त्यांनी नावावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मुकादम भाई, वो नहीं आएगा. खलास."

काकांनी लागोपाठ तीन अर्ज केले. पहिले दोन कुरियननी वाचलेच नाहीत. तिसऱ्याला काकांनी सत्तारच्या खाटेचे बिन कार्ड जोडले. परिपत्रकात मतदाराची व्याख्या होती: ज्याच्या नावे कॅम्पात खाट आहे तो. आणि सत्तारच्या नावे खाट आहे, असे त्या कार्डावर गेल्या चार महिन्यांत आठ वेळा, तारीखवार, खुद्द कुरियननी सही करून मान्य केले होते. कुरियननी कार्ड उलटसुलट करून पाहिले. शेवटी त्यांनी एक अट घातली. नाव राहील, पण माणसाने मत दिले पाहिजे. मतदानाच्या दिवशी मत आले नाही, तर रेघ कायम.

अट रास्त होती. अडचण इतकीच, की जो माणूस दोन महिन्यांत ‘बरं’च्या पुढे गेला नव्हता, त्याच्याकडून मत काढायचे होते. काकांनी त्याच दिवशी त्रेपन्नावा नियम केला. रजेवरील मतदाराचे मत अधिकाऱ्याने फोनवर घ्यावे, घेताना एकटे असावे, आणि ते कोणाला पडले हे कोणालाही, विशेषतः उमेदवारांना, सांगू नये.

मतदान शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मेसमध्ये झाले. मतपेटी म्हणून खजुराचा मोठा डबा होता, त्याला स्टोअरमधले शिशाचे सील. बोटाला लावायची शाई मिळाली नाही, म्हणून काकांनी पाइपांवर खुणा करण्याचा हिरवा रंग आणला होता. तो महिनाभर निघत नाही, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. दुसऱ्या दिवशी साइटच्या फाटकावर बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राने चाळीसच्या चाळीस माणसांना ओळखण्यास नकार दिला आणि मला तीन आठवडे हजेरी हाताने लिहावी लागली, हा भाग अलाहिदा.

चाळीस मते पडल्यावर मी फोन घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेलो. सत्तारच्या आईने फोन उचलला आणि त्याच्या हातात दिला. मी दोन्ही जाहीरनामे क्रमाने वाचून दाखवले. पेज, निम्मे तेल, पुढची पंधरा कलमे. मग सुरमई.  

"मास्तर," सत्तार म्हणाला, "मासे कोण तळणार? मेसवाला की आपला रफीक?"

आमच्याच ब्लॉकमधला रफीक मासे उत्तम तळतो. रफीक, मी म्हणालो. तानाजीने त्याला विचारून ठेवले आहे.

"कढईत बुडवून, की तव्यावर रवा लावून?"

हे जाहीरनाम्यात नव्हते. मी अधिकार नसताना उत्तर दिले, की तव्यावर, रवा लावून.

"मग तानाजीला घाला," तो म्हणाला. आणि लगेच म्हणाला, "काकांना सांगू नका. जिवाला लावून घेतील."

मी चिठ्ठीवर माशापुढे फुली मारली, घडी घातली आणि डब्यात टाकली. काका दारात उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, मत आले का. आले, असे मी सांगितले. त्यांनी लगेच कुरियनना हाक मारली आणि एक्केचाळिसाव्या नावापुढे त्यांची सही घेतली. या वेळी कुरियननी सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचला.

मोजणी झाली. माशाला एकवीस, कुलपाला वीस.

मेसमध्ये एकच गलका झाला. तानाजीला खांद्यावर घेण्याचा प्रयत्न झाला, पण तो क्रेनवाला असूनही वजनाने स्वतः क्रेनला शोभेल असा आहे, त्यामुळे तो विचार सोडावा लागला. काकांनी नियमाप्रमाणे विजयी उमेदवाराशी हात मिळवला, अहवाल लिहिला, शिल्लक चिठ्ठ्या मोजून पाकिटात बंद केल्या. कोणीतरी त्यांना डिवचले, की काका, ज्याच्यासाठी एवढे भांडलात त्याचे मत कुठे गेले? काका म्हणाले, मत त्याचे आहे, तो बघेल. तेवढे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. सत्तारचे मत आपल्यालाच पडेल, असे ते धरून चालले होते का, हे मी सांगू शकत नाही. पण हरल्याचे दुःख करणारा माणूस जसा घाईघाईने कामाला लागतो, तसे ते खजुराचा डबा धुवायला बाहेरच्या नळावर गेले.

मी मागोमाग गेलो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात गुप्त मतदानाचा धडा मी निदान वीस वेळा शिकवला आहे. तरी नळाशी उभे राहून मी त्यांना सांगितले, की मी त्रेपन्नावा नियम मोडतो आहे, आणि सत्तारशी झालेले बोलणे शब्दशः सांगितले.

काकांनी नळ बंद केला.

"तळलेली म्हणाला?"

"हो."

"रश्श्यातली नाही?"

"तव्यावर. रवा लावून. आणि रफीकनेच तळायची."

ते कट्ट्यावर बसले. ओला डबा मांडीवर तसाच होता. पायजमा भिजत होता, त्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. "मास्तर, दोन महिने त्या पोराने खाण्याचं नाव काढलं नव्हतं," ते म्हणाले. "रफीक तळणार का, असं विचारलं त्याने. म्हणजे इथे बसून खायचा विचार आहे त्याचा." मग ते डब्याला चिकटलेले सील नखाने खरवडू लागले. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. ती माझी धंद्याची सवय आहे, आणि अशा वेळी फार उपयोगी पडते.

असरच्या नमाजानंतर त्यांनी नेहमीप्रमाणे फोन लावला. मी शेजारीच होतो. त्यांनी घसा साफ केला आणि चेहरा शक्य तितका पडेल केला, जणू फोनमधून तो दिसणार होता.

"हरलो रे सत्तार, एका मताने," ते म्हणाले. "ब्लॉकात कोण गाढव निघालं कोणास ठाऊक. तळलेल्या माशासाठी माझी पेज बुडवली त्याने."

 पलीकडून एक दबलेला आवाज आला, मग खोकला, आणि त्या खोकल्यातूनच हसणे फुटले. बारीक, आजारी माणसाचे, पण थांबता न येणारे.

काकांनी फोन कानापासून थोडा दूर धरला, मलाही ऐकू यावे म्हणून.