भामरे सरांच्या वर्गातले दिवे

सकाळची मेल वाचता वाचता कौमुदीने निम्मी कॉफी कीबोर्डवर सांडली. शाश्वत विकासाच्या तासाला गेले सहा मंगळवार खोलीत एकही माणूस नव्हता, तेव्हा हा विषय बंद का करू नये, अशी डीनच्या ऑफिसची विचारणा होती. पुढच्या मंगळवारी ब्रॉनवेन नावाच्या अधिकारी बाई स्वतः पाहायला येणार होत्या.

"सर, तुमच्या वर्गाला कोणी येतच नाही म्हणे!"

"मग त्या अडतीस जणांना मी काय स्वप्नात शिकवतो?" भामरे सर म्हणाले.

दत्तप्रसाद भामरे मूळचे धुळ्याकडचे. सिडनीतल्या या युनिव्हर्सिटीत मास्टर्सच्या मुलांना ते वीस वर्षं शिकवत होते. इथल्या रीतीप्रमाणे मुलं त्यांना खुशाल 'दत्ता' म्हणत, पण त्यांच्या हाताखाली ट्यूटर असलेल्या कौमुदीच्या तोंडून 'सर'शिवाय दुसरं काही निघत नसे. सर खुर्चीत मांडी घालून बोलायला लागले की मुलं फोन विसरत, पापणी लववायचीही विसरत. असा शिक्षक तिने दुसरा पाहिला नव्हता.

आणि सगळा घोळ नेमका तिथेच होता. नवी इमारत वीज वाचवणारी. दहा मिनिटं हालचाल दिसली नाही की छतातला सेन्सर खोली रिकामी धरून दिवे आणि एसी बंद करी, आणि तासाच्या मध्यावर हजेरीही तोच नोंदवी. तळघरातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत दर मंगळवारी अंधार होई, कौमुदी उठून हात हलवी, दिवे येत. तोवर कॉम्प्युटरात शून्य पडलेलं असे.

"बाकीच्यांच्या वर्गात कसे जात नाहीत दिवे?" सरांनी विचारलं.

"तिथे मुलं चुळबुळ करतात, सर."

"मग आपणपण करू ना!" वर्गातला नागपूरचा तनय म्हणाला. "नो वरीज सर, ब्रॉनवेन आली की सगळा क्लास हलता ठेवतो."

मंगळवारी कौमुदीने कामं वाटून दिली. पहिली रांग मान डोलावणार, दुसरी वहीने वारा घेणार, तिसरी आळीपाळीने आळस देणार. ब्रॉनवेन मागे येऊन बसली आणि बघतच राहिली.

"यांना बरं नाहीये का?" तिने हळूच विचारलं.

"योगा," कौमुदीने ठोकून दिलं.

ब्रॉनवेनने वहीत काहीतरी खरडलं.

सरांनी त्या दिवशी पांझरा नदीकाठच्या फडपद्धतीची गोष्ट काढली. गावाने मिळून नदीचं पाणी वाटून घ्यायचं, आणि कोणाच्या वावरात कधी सोडायचं ते पाटकऱ्याने पाहायचं. दुष्काळाचं साल. पाटात शेवटचं पाणी. एका बाजूला पाटकऱ्याचा स्वतःचा करपणारा ऊस, दुसऱ्या बाजूला त्याला बारा वर्षं कोर्टात खेचणाऱ्या वैऱ्याचं वावर. पाटकरी फावडं घेऊन बांधावर उभा राहिला...

डोलणाऱ्या माना थांबल्या, वह्या खाली आल्या, तनयचा आळस अर्धाच राहिला. कौमुदीसुद्धा सगळं विसरली.

खट्कन अंधार झाला. एसीची घरघर थांबली.

"संपलं," सर पुटपुटले. वीस वर्षांचा विषय डोळ्यांदेखत बुडाला होता. "सॉरी, ब्रॉनवेन. थांब, उठून दिवे लावतो."

"बस खाली, दत्ता!" अंधारातून ब्रॉनवेन ओरडली. "पाणी कोणाला दिलं ते आधी सांग!"

"वैऱ्याला. पाळी त्याची होती."

दिवे लावायला कोणी हातही हलवला नाही. कौमुदीला मात्र रडू आलं, आणि अंधार आहे याचं तिला बरं वाटलं.

दोन दिवसांनी ब्रॉनवेनचा अहवाल आला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, विषय चालू ठेवावा. खाली एवढंच होतं: 'यंत्राच्या नोंदीप्रमाणे त्या तासाला खोलीतली उपस्थिती शून्य होती. त्या शून्यात मीही होते.'