जयवंत स्वखुशीने घर सोडतो

एका जंगलात, बाळांनो, नदीच्या अलीकडच्या काठावर चितळांचा एक कळप राहत होता. त्या कळपात सगुणा नावाची एक चितळीण होती आणि जयवंत हा तिचा मुलगा होता.

जयवंताचं छान चाललं होतं. आई कोवळं गवत शोधायची, जयवंत ते खायचा. आई वाघाची चाहूल घ्यायची, जयवंत डुलकी घ्यायचा. एवढे कष्ट काढल्यावर त्याला शिंगं फुटली.

शिंगं फुटली तसा तो मोठमोठं बोलू लागला.

"मी नदीपलीकडे जाणार. तिथे नाव काढणार!"

"कधी जाणार?" सगुणा विचारायची.

"योग्य वेळ आली की."

पुढे सगुणाला दुसरं पाडस झालं. गार सावलीची जागा आता त्याला हवी होती. तिथे जयवंत पसरलेला. सगुणानं त्याला ढुशी दिली.

"आई, लागलं ना!"

"लागावं म्हणूनच दिली. ऊठ, नीघ."

"पण योग्य वेळ..."

सगुणा मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढच्या खुरांनी तिनं त्याच्या पाठीवर दणादण ठेवून दिले. योग्य वेळ आली.

जयवंत लंगडत नदीत उतरला. मधल्या वाळूच्या बेटावर त्याला पलीकडून आलेला एक तरुण नर भेटला. त्याचं नाव हैबत. तोही लंगडत होता. दोघांनीही त्याबद्दल काही विचारलं नाही.

"कुठे निघालात?" जयवंतानं विचारलं.

"तुमच्याकडे. आमच्याकडे गुणांना वाव नाही हो."

"काय सांगता! आमच्याकडेही नाही."

दोघांनी वाळूत खूर घासले.

"आपण... परत गेलो तर?" जयवंत हळूच म्हणाला.

दोघांनी आपापल्या काठाकडे पाहिलं. दोन्ही काठांवर दोन आया उभ्या होत्या. दोघींनी एकदमच पाय आपटला.

"नको," हैबत म्हणाला. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

जयवंत पलीकडे पोचून झाडीत दिसेनासा होईपर्यंत सगुणा काठावरून हलली नाही. मग तिनं धाकट्या पाडसाला इतकं चाटलं, इतकं चाटलं, की ते बिचारं कंटाळून ओरडलं.

पलीकडच्या कळपानं जयवंताला जवळ येऊ दिलं नाही. तो कडेकडेनं एकटाच चरू लागला. इथे त्याच्यासाठी कान देणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे कान टवकारले. आणि बरं झालं! बांबूच्या बेटात पाचोळा वाजला. पट्टे हलले. जयवंत भीतीनं थिजला, पण पळण्याआधी जिवाच्या आकांतानं ओरडला. सगळा कळप उधळला. वाघ उपाशी राहिला.

संध्याकाळी कळपातला सगळ्यात जुना नर, सर्जेराव, त्याच्यापाशी आला.

"शाबास, पोरा! ये, आमच्यात चर. पण घरदार सोडून इकडे कसा आलास?"

जयवंतानं मान ताठ केली. "क्षितिज खुणावत होतं."

सर्जेरावानं झाडाच्या बुंध्याला पाठ घासली.

"मलाही खुणावलं होतं," तो म्हणाला. "थंडीत अजून ठणकतं."

तात्पर्य : थोर पुरुष स्वप्नांच्या मागे लागून घर सोडतात. त्यांच्या मागे आई लागली होती, हे चरित्रात घालू नये.