मानाच्या हवेने चाक फुटले त्याची हकीकत

श्रीवायूस नमन. शके अठराशे एक्क्याऐंशी, विकारीनाम संवत्सर, वैशाख वद्य द्वितीया, ते दिवशी जे जाहले ते यथास्थित लिहितो. या राज्याचे अश्वदळ पृथ्वीवर अजिंक्य. अश्वदळ म्हणजे सायकल एक, तिजला घंटी नाही. ते दिवशी महाराजांस नातीचे बारशास व्याह्यांकडे जाणे होते, आणि मातोश्रींचे सगुणा हे नाव नातीस ठेवावे हा त्यांचा फार दिवसांचा हेत, आणि व्याह्यांनी सांगून धाडिले की दिवेलागणीस पोचलात तर तुमचे नाव, न पोचलात तर आमचे. मग स्वारी सिद्ध जाहली. राज्याची चाल ऐसी की निघतेवेळी प्रत्येक मानकऱ्याने चाकांत पंप मारावा. त्यास मानाची हवा म्हणत. मानकरी पिढीगणिक वाढले, चाक तेवढेच राहिले. महाराजांच्या राणी आईसाहेबांनी पंपास हात लाविला आणि बोलिल्या, "अहो, चटका बसतोय. चाक दगड झालंय, आता पुरे." तो सेनापती रायाजीराव पुढे जाहले, "फडणिसांनी मारला आणि मी नाही? मग मिशा कशाला ठेवल्यात?" म्हणोन त्यांनीही मारिला, आणि मग सायकल भर उन्हात उभी करून स्तुतिपाठ सुरू जाहला. तेव्हा त्र्यंबकशास्त्री घाम पुसोन बोलिले, "महाराज, वायूचे कण म्हणजे जत्रेतली पोरं. सारखी धावतात, भिंतीला धडकतात. त्या धडका म्हणजेच दाब. त्याच पोरांना लहान आवारात कोंडा, धडका वाढल्या. वर ऊन लागलं की पोरं आणखी उधळतात, आणि भिंत जर जागची हलेना, तर..."

"तर काय?"

उत्तर मागील चाकाने दिले. कावळे उडाले, रायाजीराव आडवे पडून शत्रू कोणत्या दिशेस म्हणोन पुसू लागले. महाराज बोलिले, "शास्त्रीबुवा, एवढं ठाऊक होतं, तर तुम्ही का हो पंप मारलात?"

"मान होता, महाराज."

मग पुढील चाकातील थोडी हवा सोडावी ऐसे ठरले, आणि ती कोणाची सोडावी यावर दरबार पेटला. रायाजीराव म्हणाले, "माझी तळाशी बसलीय, तिला हात लावायचा नाही." शास्त्री म्हणाले, "अहो, आत सगळी मिसळते!" "म्हणजे माझी हवा फडणिसांच्या हवेत?" म्हणोन तलवारीस हात गेला. इकडे उन्हे कलली. महाराज पायरीवर बसले आणि हळूच बोलिले, "आईचं नाव गेलं." ते आईसाहेबांनी ऐकिले, आणि पदर खोचिला, आणि सायकल सावलीत नेऊन पुढील चाकाची हवा कोणास न पुसता सोडिली, आणि मागे दुसरी ट्यूब टायर घालोन स्वहस्ते पंप मारिला, आणि अंगठ्याने चाचपून बोलिल्या, "अंगठा जरासा रुतला पाहिजे. झालं. निघा."

"आणि मान?" महाराजांनी पुसिले.

"तो बसू दे इथंच. मी कॅरिअरवर बसते."

मग उभयतांची स्वारी दिवा लागता लागता पोचली. लेक पाळण्याची दोरी धरून उभी होती, सासऱ्यांस हात लावू देत नव्हती. "बाबा, किती हो उशीर!" म्हणोन रडली, आणि सगुणा हेच नाव ठेविले.

सारांश, कोंडिला वायू तापला आणि जागा तेवढीच राहिली, तर दाब वाढतो; दरबारास हे अद्याप मंजूर नाही. पोरीस घरात सगळे छबी म्हणतात.