दोन खुर्च्या, एक पोट

घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईला सातवा महिना लागला आणि सुजलेले पाय मशीनवर ठरेनात, तेव्हा तिने मातृत्व भत्त्यासाठी रीतसर अर्ज केला. मालक पगारी रजा देत नसेल तर सरकार भत्ता देतं, असं कचेरीतल्या फलकावरच लिहिलं होतं. फलकावरची आई हसत होती; म्हणजे तिला तो मिळाला असावा.

कारकुनाने अर्ज चाळला. "सगळं ठीक. फक्त मालकाचं नकारपत्र जोडा."

"मला मालक नाही हो. दुकान माझंच आहे."

"मग तुम्हीच मालक. आणा पत्र."

"दे बाई लिहून," सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ब्याद टळेल एकदाची."

तिने बाकावर बसूनच लिहिलं, की माझ्या दुकानात काम करणाऱ्या मला मी पगारी रजा देऊ शकत नाही. कारकुनाने ते वाचलं आणि त्याचे डोळे विस्फारले. "गरोदर बाईला रजा नाकारताय? तीही लेखी?"

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब मुळात कनवाळू. सुनावणीला त्यांनी समोरासमोर दोन खुर्च्या मांडायला लावल्या, एक मालकिणीची, एक कामगाराची. आधी तिला कामगाराच्या खुर्चीत बसवलं.

"घाबरू नका," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "मालकीण समोर नाहीये तोवर सांगून टाका. छळते का?"

"काम फार असतं, साहेब. कधी कधी जेवायलाही उठता येत नाही," ती खरं तेच बोलली.

मग तिला पलीकडच्या खुर्चीत बसवून साहेब कडाडले, "अवघडलेल्या बाईला उपाशी ठेवता? लाज नाही वाटत?"

"अहो, ती मीच की!"

"सगळे मालक हेच म्हणतात. आम्हीसुद्धा कामगारच म्हणे!"

सासूबाईंना राहवेना. "साहेब, खुर्च्या दोन असतील, पण पोट एकच आहे ना?"

"पोटाबाबत उभय पक्षांत वाद नाही," साहेबांनी लेखनिकाला टिपून घ्यायला सांगितलं.

निकाल न्याय्य लागला. कामगाराला भत्ता मंजूर, जुलमी मालकिणीच्या दुकानाला सील. भत्ता मात्र दुकान चालू असल्याचा दाखला दिल्यावरच मिळणार होता. कारण कामच नाही, तर रजा कसली? रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. असल्या मालकांना असाच धडा हवा, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

साहेब तिला जिन्यापर्यंत सोडायला आले. "आमच्या हिचा ड्रेस तुमच्याकडेच आहे," ते जरा ओशाळून म्हणाले. "मागच्या दाराने मिळेल ना?"

मिळाला. मशीन स्वयंपाकघरात गेलं. बाळ झालं, त्याचं नाव ठरायच्या आत ती पुन्हा मशीनवर बसली. मागच्या दाराशी रांग लागली. "मूल काय पळून जातंय का? आधी आमच्या बाह्या लावून द्या!" रांगेतून कोणीतरी खेकसलं.

कोण ते सांगत नाही. शिलाईची पावती तुमच्याच खिशात असेल, बघा.